सावरीची चौकट

मार्च सरत आला की आमच्या रस्त्यावरून पुठ्ठ्याची खोकी धावायला लागतात. टेंपोत घड्या घालून रचलेली, वरून दोर आवळलेला, आणि त्या दोरावर एक माणूस निवांत आडवा झालेला. शाळेच्या खिडकीतून मला ती दिसतात. आत नववीची पोरं भूमितीच्या पेपरात मुंड्या खुपसून बसलेली असतात, पंखा कुरकुरत असतो, आणि मधूनच कुठल्यातरी बागेतून भाताच्या पेंढ्याचा वास येतो. थोडा धुळकट, थोडा गोड. परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या बाईंनी रडू नये असा काही नियम नाही, पण ते बरं दिसत नाही. म्हणून मी पोरांकडे पाठ फिरवते आणि फळ्यावर वेळ लिहून ठेवते.

लोकांना या दिवसांत हापूस आठवतो. मला मात्र एकच उन्हाळा आठवतो, आप्पांनी माझ्या हातची मजुरी परत केली तो.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ते सुतार होते. आरे-वारेच्या वाटेवर आमची वाडी आहे, आणि त्या वाडीपासून शहरापर्यंत कितीतरी घरांच्या दारांवरून त्यांचा रंधा फिरलेला आहे. पावसाळा आणि त्यापुढचे दोन महिने दारं-खिडक्या, आणि दिवाळी झाली की आंब्याच्या पेट्या. पेट्या सावरीच्या. सावरीचं लाकूड पांढुरकं, हलकं आणि इतकं मऊ की खिळा नुसत्या दमाने आत जावा. मुंबईपर्यंत आंबा पोचवला की त्याचं काम संपलं, मग कोणी ते चुलीत घातलं तरी तक्रार नाही. चौकटीला मात्र फणस, साग, नाहीतर ऐन. पेटीचं लाकूड पेटीला आणि घराचं लाकूड घराला, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले. एवढं ध्यानात असू द्या. पुढे मी जे केलं त्याला 'मला ठाऊक नव्हतं' ही सबब चालणार नाही.

मग पुठ्ठा आला आणि पेट्या गेल्या. आप्पा म्हणाले, "जाऊदे. दारं तरी कोण पुठ्ठ्याची लावणार नाय." पुढे दारंही तयार यायला लागली, वरून लाकडाचा कागद चिकटवलेली. त्यावरही ते काही बोलले नाहीत. आणि मग त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा नि शेजारचं बोट आपापसात हलायला लागलं, जपमाळ ओढल्यासारखं. आई म्हणाली, "एवढा कसला जप चाललाय म्हणायचा?" आप्पा हसले. आम्हीही हसलो. सहा महिन्यांनी लाकूड कोरायची पटाशी निसटून डावा तळहात फाटला तेव्हा कोणी हसलं नाही.

कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं. आप्पांनी हत्यारांना तेल लावलं, गोणपाटात गुंडाळली, पेटाऱ्यात घातली आणि पेटारा माळ्यावर सरकवायला मलाच लावलं. त्या दिवसापासून त्यांनी तंबाखूसाठी पैसे मागितले नाहीत. घरात पगार माझा येत होता. आई गुपचूप त्यांच्या खिशात नोट ठेवायची, ते ती गुपचूप देवापुढच्या तबकात ठेवायचे. त्यांची तंबाखू सुटली ती अशी. लोक म्हणायचे, "वा, चांगलं झालं हो!" कसलं डोंबलाचं चांगलं! आम्ही सगळे एकच पालुपद धरून होतो. पाऊस सरला की हाताला बरं वाटेल. दिवाळीपर्यंत हात येईल. दिवाळ्या येत होत्या नि जात होत्या, आणि आप्पा आमचं ऐकून मान हलवत होते.

त्या वर्षी शिमगा झाला, पालखी देवळात परत गेली, अंगण एकदम रिकामं वाटायला लागलं, आणि मी घरात माझा खेळ मांडला. हा खेळ मी पुण्याला बी.एड. करताना वसतिगृहातल्या मुलींकडून शिकले होते. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. वही, पेन्सिल, फासे आणि तोंड एवढंच लागतं. एकजण एक राज्य मनात उभं करतो आणि सांगत जातो: समोर नदी आहे, पलीकडे राक्षसाची गढी आहे, काय करता? बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस पैलूंच्या फाशावर ठरतं. सांगणारी मी. माझ्याच शाळेत गणित शिकवणारी रुबिना जादूगारीण झाली होती. तिचा नवरा मस्कतला, सासर राजिवड्याला, आणि रविवारची दुपार कशी काढावी हा तिच्यापुढचा रोजचा नाही तरी दर आठवड्याचा प्रश्न होता. माझा चुलतभाऊ सुहास लांज्याहून मोटारसायकल हाणत यायचा. तिथे त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तो अर्थात योद्धा. लहानपणी आते-मामेभावंडांत सगळ्यांचा मार खाणारा तो, खेळात मात्र कोणाचं मुंडकं उडवू नि कोणाचं नको असं त्याला व्हायचं.

आम्ही ओटीवर बसायचो. आप्पा झोपाळ्यावर, आमच्याकडे अर्धी पाठ करून. ऐकत नाही असं दाखवत ऐकायचे. दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी सुहास एका नगरात शिरला नि खानावळ शोधायला लागला, तेव्हा झोपाळ्यावरून आवाज आला.

"ह्या तुमच्या गावात घरं हायत मां?"

"आहेत की आप्पा."

"ती बांधतो कोण?"

मी म्हटलं, "असतात ती बांधलेली."

"असतात म्हंजे? आभाळातनं पडतात?" त्यांनी झोपाळा पायाने थांबवला. "राक्षस मारायला धा जण, आणि दाराला कडी लावायला एक नाय. कसलं राज्य गो तुझं?"

सुहास म्हणाला, "काका, या मग तुम्हीच!"

"मला लढाई जमायची नाय."

"लढू नका."

रुबिनाने वहीचं पान फाडलं. नाव काय लिहू विचारलं तर म्हणाले, सुतार लिही, नावाने कोण हाक मारतो. मग तिने वय विचारलं. आप्पा म्हणाले, "हात चालत होता तवाचं लिही." रुबिनाने पेन्सिल कागदावर टेकवली, पण कितीतरी वेळ काही लिहिलं नाही. शेवटी तिने पस्तीस लिहिलं.

त्या खेळाच्या जाड पुस्तकात, शेवटी शेवटी, कोणी वाचत नाही अशा पानांत एक नियम आहे. ज्याच्या अंगी कसब आहे त्याने साहसाला न जाता नगरातच राहावं, आठवडाभर काम करावं, आठवड्याच्या शेवटी फासा टाकावा. चांगला पडला तर त्या मापाने रुप्याची नाणी मिळतात, वाईट पडला तर आठवडा फुकट. पुण्याला आम्ही या नियमाला हसायचो. ड्रॅगनच्या गुहेत हजार मोहरा पडलेल्या असताना दहा-बारा नाण्यांसाठी रंधा कोण मारणार? आप्पांना मी तो वाचून दाखवला तर ते सरसावून बसले. "हां. ह्ये खरं हाय," म्हणाले. "आठवडाभर राबून कधी धा, कधी काय नाय. ज्यानं लिवलं त्यानं काम केलेलं दिसतंय."

नाण्यांच्या जागी आम्ही चिंचोके घेतले. आप्पांचा हात थरथरायचा, त्यामुळे फासा मुठीतच इतका घोळून निघायचा की सुहास म्हणाला, "काका, तुमच्या फाशात लबाडीला जागाच नाय!" आजारावर घरात केलेला तो पहिला विनोद. आई आतून दचकून बाहेर आली. आणि आप्पा हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मग माझ्या राज्याची धडगत राहिली नाही. तुमच्याकडे झाडं कोणती? लाकूड तोडून किती महिने झाले? वाळलंय का ओलंच आणलं? फणस नाही? मग माणसं चौकटी कशाच्या करतात, दगडाच्या? एका श्रीमंत सराफाच्या घरी चौकट उभी राहिली तेव्हा ते काम थांबवून बसले. म्हणाले, चौकटीला हळदकुंकू कोणी लावलं? आंब्याचा टाळा बांधला? सुताराला नारळ नि टॉवेल दिला? मी म्हटलं, आप्पा, पुस्तकात असं काही नाही. "पुस्तकात नसंल. मानाशिवाय चौकट उभी करीत नाय म्हणावं तो सुतार." सराफाला नारळ द्यावा लागला. रुबिनाचे राक्षस गढीत वाट बघत बसले.

रविवारी सकाळी आप्पा दाढी करायला लागले. एका हाताने दुसरा हात धरून, अर्धा तास. धुतलेला सदरा घालून झोपाळ्याऐवजी खुर्चीवर बसायचे. मिळालेले चिंचोके एका पितळी डबीत घालून आईला दाखवायचे, "आज बारा." आई म्हणायची, "त्याची भाजी येते काय?" पण डबी देवांच्या फळीवर तीच ठेवायची, आणि सोमवारी देव पुसताना डबीही पुसायची.

कधी कधी फासा वाईट पडायचा. तीन, पाच. मग ते नुसतं "बरं" म्हणायचे. त्या 'बरं'नंतरचा त्यांचा चेहरा मला बघवत नसे. संध्याकाळभर ते अंगणात कलमाखाली उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून, उजवा हात डाव्याने घट्ट धरून. आता खेळात असं असतं की फासा खेळणाऱ्याने टाकायचा, पण किती पडलं की काम जमलं तो आकडा सांगणाऱ्याकडे असतो. माझ्यापुढे एक आडोसा होता, आंब्याच्याच खोक्याचा कापलेला पुठ्ठा. त्याच्यामागे मी तो आकडा लिहून ठेवायची. बाराचा मी दहा केला. मग आठ. मग आप्पांनी फासा टाकल्यावर लिहायला लागले.

त्याच आठवड्यांत मी वार्षिक परीक्षेचे गठ्ठे तपासत होते. ज्यांनी तपासले असतील त्यांना सांगायला नको. तेहतीसवर अडकलेलं पोर दिसलं की हात आपोआप मागे जातो, कुठे अर्धा, कुठे एक, आणि पस्तीस करून टाकतो. एवढंसं तर द्यायचं, पोराचं वर्ष वाचतं, आपल्या खिशातून काय जातंय? वीस-वीस वर्षं हे केलेल्या बायका आमच्या शिक्षक-खोलीत आहेत, मनाने मोठ्या. मीही मोठ्या मनाची बाई झाले होते. सकाळी पोरांना पास करायची आणि रविवारी बापाला.

आप्पांना शंका कधी आली, मला माहीत नाही. लाकडाला कान लावून आतला पोकळपणा ओळखणारा माणूस तो. सलग तीन रविवार मजुरी मिळाल्यावर एखाद्याला आनंद झाला असता. ते गप्प होत गेले, आणि मला वाटलं, थकले असतील उन्हाने.

एप्रिल संपत आला होता. ओटीच्या आतल्या खोलीत आंबे पेंढ्यात घातलेले, त्यांचा उबट वास घरभर. खेळात राजाच्या धान्याच्या कोठाराची चौकट आप्पांकडे आली होती. ते काम कसं केलं ते सांगत होते. किती उंची, किती रुंदी, सांधा कसा घेतला. खाली बघून, अगदी सावकाश. मग म्हणाले, "लाकूड सावरीचं घेतलं."

मी ऐकलं. आज कोणालाही सांगेन, मी ते नीट ऐकलं. क्षणभर पेन्सिल थांबलीसुद्धा. म्हातारा बोलताना चुकला, असं मनात आलं, आणि पाठोपाठ, बिचारा. त्यांनी फासा टाकला. नऊ पडले.

"छान!" मी म्हटलं. "कोठाराची चौकट उभी राहिली. राजा खूश आहे. चाळीस नाणी."

रुबिनाला लाकडातलं काही कळत नाही, तिने टाळ्या वाजवल्या. सुहास मात्र सुतारांच्याच घरातला. तो माझ्याकडे बघायला लागला.

"कसली चौकट उभी राहिली?" आप्पांनी विचारलं.

"सावरीची. तुम्हीच म्हणालात ना."

"आणि ती ऱ्हाईल?"

"दोन पावसात भुसा होईल तिचा. बाय, तू सुताराची पोर." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले तरी असते. "तुला म्हाईत हाय. तरी पैशे दिलंस."

ते उठले, देवाच्या फळीवरची डबी घेऊन आले आणि टेबलावर उपडी केली. चिंचोके घरंगळत जमिनीवर गेले, झोपाळ्याखाली गेले.

"ह्ये घे तुझं. ह्यातलं माझं कुठलं नि तू दिलेलं कुठलं, मला आता कसं कळायचं?"

आणि ते अंगणात निघून गेले. रुबिनाने वाकून चिंचोके गोळा केले, तेवढाच तिला काहीतरी उद्योग. सुहास म्हणाला, "ताई, तू पण ना!" एवढंच, आणि त्याने हेल्मेट उचललं.

खोटं कशाला बोलू, मला आधी रागच आला. मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. दिवसभर शाळा, गठ्ठे, घर, वर यांचं मन रमावं म्हणून हा खटाटोप, आणि हे फळ! "खेळच तर आहे!" मी आईला म्हटलं. "चिंचोके आहेत, आई! चिंचोके!"

आई आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. तिची बोटं लालभडक झाली होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तू पोटात होतीस तवा त्यानी नेवऱ्याला एक चौकट बसवलेली. फणसाचीच, पण लाकूड ओलं निघालं. पावसात फिरली. दार लागेना. त्या घरचा म्हातारा कायसुदिक बोलला नव्हता, चालवून घेतलं असतं त्यानं. ह्यानी काय केलं, आपल्या मागल्या दाराला ठेवलेलं लाकूड उचललं नि तिकडं जाऊन चौकट परत बसवली. फुकट. आणि आपल्या दाराला गोणपाट. गणपती आले नि गेले तरी गोणपाटच. मी भांडले हो खूप." तिने एक रातांबा फोडला. "मग मीच तो गोणपाट धुवून परत लावायची. अशा माणसाला तू चाळीस चिंचोके देतेस!"

मी तिथेच पाटावर बसून रडले. माझा राग असा निघाला म्हणून मला माझीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त भीती वाटली. त्या माणसाकडे आता एकच गोष्ट उरली होती. मी कोणाकडून काही उगाच घेतलं नाही, हे स्वतःला सांगता येणं. आणि तिलाच मी भोक पाडलं होतं, प्रेमाने. वाईटपणाने पाडलेलं निदान बुजवता तरी येतं.

पुढचे दोन रविवार आप्पा खेळायला आले नाहीत. दाढी वाढली. चहा घ्यायचे, जेवायचे, विचारलं तेवढं बोलायचे. घरात दुखणं असलं की वास असतो एक, तेलाचा, औषधाचा. तो परत यायला लागला. मी दोनदा माफी मागायला गेले. पहिल्या वेळी ते म्हणाले, "कशाची?" दुसऱ्या वेळी म्हणाले, "शेजारच्या कलमाला फवारणी उशिरा झाली ह्या वर्षी." त्यांना माफी नको होती. माफी मागून मी पुन्हा त्यांना काहीतरी देऊच बघत होते.

तिसऱ्या रविवारी मी आडोशाचा पुठ्ठा फाडून चुलीत घातला. रुबिना नि सुहास आले. आप्पा पायरीवर बसले होते, आमच्याकडे पाठ. मी खेळ सुरू केला आणि नेहमीपेक्षा मोठ्याने बोलले, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतं तसं.

"राज्यात दोन पावसाळे उलटलेत. कोठाराची चौकट कुजली. दार निखळलं, पाणी आत शिरलं आणि सगळं भात काळं पडलं. लोकांच्या घरात खायला नाही. राजाची माणसं सुताराला शोधतायत. चौकट सावरीची होती हे सगळ्या नगराला कळलंय."

"अगं, काय हे!" रुबिना कुजबुजली.

मी पुढे विचारलं, "सुतार येतोय का पळून गेलाय?"

अंगणात कावळा ओरडत होता. सुहासने फासा हातात घेतला नि परत ठेवला. आप्पांची पाठ तशीच. मला वाटलं, संपलं. आता हे या उन्हाळ्यात माझ्याशी बोलणार नाहीत.

"पळंल कशाला?" पायरीवरून आवाज आला. "सांग त्यांना, येतोय."

ते येऊन खुर्चीवर बसले. माझ्याकडे बघितलं नाही, आडोसा होता त्या जागेकडे बघितलं. "किती पडायला होवे?"

"सतरा. त्याखाली जमणार नाही. नगर चिडलेलं आहे, चांगलं लाकूड कोणी देत नाही."

"सतरा?" रुबिना कळवळली. "वैशाली, सतरा?"

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. "कोण देईल?"

फासा सुटला. चार. मी म्हटलं, "नाही जमलं. आठवडा गेला." ते "बरं" म्हणाले, आणि या वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, नजर वळवली नाही. पुढच्या रविवारी सहा. शाळेला सुट्टीच होती म्हणून मग आम्ही मधल्या वारीही खेळलो, तेव्हा अकरा, मग दोन. दोन पडल्यावर सुहासने कपाळावर हात मारला आणि आप्पा म्हणाले, "असंच असतंय रे. लाकूड फाटलं म्हण." ते प्रत्येक वेळी काम पहिल्यापासून सांगायचे. जुनी चौकट कशी काढली, भिंत कशी धरून ठेवली, नवा फणस कुठून आणला, तो कोणाकडे हात पसरून मागितला. मी चुका दाखवायला लागले. आप्पा, उंबऱ्याची जाडी सांगितली नाहीत. आप्पा, हे मागच्या वेळी वेगळं होतं. ते भांडायचे, कधी माझं मानायचे. मोहर गळून गेलेल्या झाडासारखा दिसणारा माणूस पुन्हा आवाज चढवून बोलायला लागला होता. दाढी पुन्हा रविवारची रविवार व्हायला लागली.

अठरा पडले ते मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी. आम्ही तिघं ओरडलो. आप्पा ओरडले नाहीत. फासा तसाच ठेवून त्यांनी वाकून तो आकडा नीट बघितला. मी मजुरी सांगायला तोंड उघडलं, तर हात वर केला. "ह्याची मजुरी नाय घ्यायची," म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

रुबिनाची आता खेडला बदली झालीय. फोनवर बोलताना अजून ती म्हणते, त्या दुपारी मला तुझा इतका राग आला होता, इतकी निष्ठुर बाई मी बघितली नव्हती. मी म्हणते, होय गो. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

त्यानंतर आठवड्याने मी आप्पांना कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर रेघ ओढायला लावली. आयुष्यभर डोळ्यांनी ओळंबा धरलेल्या माणसाची ती रेघ मी बघितली. मग आप्पा आत सदऱ्याची बटणं लावत होते, त्याला वेळ लागायचा, तेवढ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. गोळ्यांनी थरथर थोडी कमी होईल, म्हणाले. हत्यार धरण्याजोगा हात मात्र परत येणार नाही. दुखणं वाढतच जाणार, पुढे चालण्यावर येईल. "त्यांना सगळं सांगायलाच हवं असं नाही," हेही म्हणाले. चांगले होते डॉक्टर.

परतीची एसटी आंबा घाटाच्या माथ्यावर थांबली. बायका पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन खिडक्यांशी आल्या. मी एक द्रोण घेतला. आप्पांनी एक करवंद तोंडात टाकलं, बी खिडकीबाहेर थुंकली, आणि बाहेर बघतच विचारलं,

"काय म्हणाला डॉक्टर?"

उत्तर तयारच होतं. पाऊस सरू दे. दिवाळीपर्यंत बघा. जिभेला त्याची इतकी सवय झालेली की ओठ हललेसुद्धा. मग मी द्रोण मांडीवर ठेवला.

"आप्पा, हात परत येणार नाही. गोळ्यांनी कापरं थोडं कमी होईल, पण काम करण्याजोगा हात नाही व्हायचा. आणि हे वाढणार आहे. पुढे चालायलाही त्रास होईल."

गाडी सुरू झाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. खाली दरीत ऊन पडलं होतं.

"चालण्यावर कधी येईल?"

"ते त्यांनाही सांगता येत नाही."

त्यांनी मान हलवली. आमच्या दिवाळीच्या बाता ऐकून हलवायचे ती मान वेगळी होती. साखरपा आल्यावर म्हणाले, "आईला काय सांगणार हायस?"

"मी बघते. हळूहळू, बेताबेताने..."

"नको. तू नको सांगू. तिला मी सांगतो. ह्ये काम माझं हाय."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई अंगणात वाळत घातलेली आमसुलं सुपात भरत होती. आम्हाला बघून ती हात पुसत उठली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी चपला काढल्याच नाहीत. आप्पांनी बादलीशी जाऊन पाय धुतले, सावकाश, दुसऱ्या कोणी पाणी ओतायला पुढे येऊ नये अशा बेताने. मग ओटीवर चढून बसले आणि हाक मारली, "अगो, ऐकतेस? ये, बस हितं जरा."

मी विहिरीकडे गेले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. त्यांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एका लयीत, न अडखळता, बराच वेळ. मग आईचं "अगो बाय माझे" आणि पाठोपाठ तिचं रडणं. आत जावं, तिला धरावं, काहीतरी बोलून सावरून घ्यावं असं दहादा वाटलं. आप्पा म्हणत होते, "गप. गप बघू. मी हाय मां अजून."

मी गेले नाही.